दावणीचा हिशेब : प्रस्तावना

गोपालनावरील पुस्तकाची प्रस्तावना लिहिणाऱ्याने आरंभी गोमातेची महती गावी, वेदकाळापासूनचे दाखले द्यावेत आणि अखेरीस शेतकऱ्यास उपदेशाचे दोन शब्द ऐकवून त्याचा निरोप घ्यावा, असा आपल्याकडे शिरस्ता पडून गेला आहे. प्रस्तुत पुस्तिका त्या शिरस्त्यात बसणारी नाही. वर्धा जिल्ह्यातील, आणि त्यातही आर्वी, आष्टी व कारंजा या उत्तरेकडील तीन तालुक्यांतील, ज्या शेतकऱ्याच्या कोठ्यात आजही गवळाऊ गायी बांधलेल्या आहेत, त्याला वर्षभरात जे निर्णय घ्यावे लागतात, म्हणजे कोणती कालवड ठेवावी, कोणता गोऱ्हा विकावा, गाय केव्हा फळवावी, कुटार किती साठवावे आणि जे जनावर यापुढे काही देणार नाही त्याची तजवीज कशी लावावी, त्या निर्णयांचा विचार कारभाराच्या अंगाने करावा, एवढाच या पानांचा हेतू आहे. भावनेविषयी येथे फारसे लिहिलेले आढळणार नाही. ज्या घरात पोळ्याच्या आदल्या सांजेस बैलाचे खांदे तूप-हळदीने मळले जातात, त्या घराला भावना शिकविण्याचा अधिकार कोणत्याही लेखकाला नाही. हिशेब मात्र त्या घरातही बहुधा तोंडीच चालतो, आणि तोंडी हिशेबाची खोड अशी की तो नेहमी आपल्या इच्छेच्या बाजूने झुकतो.

जगाच्या ज्या भागांत गुरे मांसासाठी पाळली जातात, अमेरिकेच्या पश्चिमेकडील कुरणांत, ब्राझीलच्या मध्यभागात, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस, तेथे या निर्णयांचे एक स्वतंत्र शास्त्र उभे राहिले आहे, आणि आपल्या वाचकाला त्याचा हेतू रुचो वा न रुचो, त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. तेथील पशुपालक गायीचे दूध काढीत नाही. ते दूध वासरूच पिते. सहा ते आठ महिन्यांनी वासरू तोडले जाते व विकले जाते, आणि तेच त्या गायीचे वर्षाचे उत्पन्न. अर्थात जी गाय दरवर्षी एक जिवंत, धडधाकट वासरू देते ती ठेवावयाची आणि जी देत नाही ती काढावयाची, या एका कसोटीवर तो सारा व्यवहार उभा आहे. वळू बारमाही कळपात मोकळा न सोडता साठ ते नव्वद दिवसच सोडतात, म्हणजे सर्व गायी एका हंगामात व्याव्यात; एका वळूमागे साधारणपणे पंचवीस गायी धरतात; आणि हंगाम संपून काही काळ लोटल्यावर प्रत्येक गाय गाभण आहे की नाही हे हात घालून तपासतात, व जी रिकामी निघेल ती हिवाळ्याचा चारा सुरू होण्यापूर्वीच बाजारात धाडतात. पुढच्या वसंतात वासरू न देणाऱ्या जनावराने यंदाचे गवत खाऊ नये, हा त्यांचा दंडक आहे. तो कठोर आहे. पण चारा आणि जनावर यांचे प्रमाण त्यामुळे सहसा बिघडत नाही.

आता हे शास्त्र वर्ध्याच्या शेतकऱ्याला कशासाठी सांगावयाचे, असा प्रश्न कोणीही विचारील, कारण येथे मांसासाठी गाय कोणी पाळत नाही व पाळू शकतही नाही. त्याचे उत्तर असे की आपल्या गवळाऊ गायीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवहार दुग्धव्यवसायापेक्षा त्या दूरदेशीच्या व्यवहाराशीच अधिक जुळणारा होता. गवळाऊ ही मुळात बैलाची जात. एका वेतात सरासरी सहाशे किलोच्या आसपास दूध देणारी ही गाय केवळ दुधासाठी कोणी बाळगली नसती. ती बाळगली गेली ती तिच्या पोटच्या गोऱ्ह्यासाठी. गायीचे दूध पुष्कळसे वासराच्याच मुखी जावे, गोऱ्हा दोन-अडीच वर्षांचा झाला की तो कपाशीच्या मुलखातील कास्तकाराला विकावा, आणि त्या एका विक्रीत घरातील लग्नकार्य, बियाणे, सावकाराचे देणे यांपैकी काहीतरी भागवावे, अशी ही घडी होती. गायीने वासरू द्यावे आणि त्या वासराच्या विक्रीवर घर चालावे, हीच त्या अमेरिकी पशुपालकाचीही घडी. फरक वासराच्या पुढील वाटेचा. एकाचे वासरू खाटिकखान्याकडे जाई, दुसऱ्याचे जुवाखाली. परंतु वासरू विकले जाईपर्यंतचे सारे निर्णय दोघांचे सारखेच होते, आणि ते निर्णय गवळाऊ पाळणाऱ्या आमच्या नंद गवळ्यांना कोणत्याही विद्यापीठाच्या साहाय्यावाचून चांगले अवगत होते.

या जातीविषयी चार शब्द येथेच सांगितले पाहिजेत. सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, वर्धा व नागपूर जिल्ह्यांपासून पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाटापर्यंत तिचा मूळ प्रदेश पसरलेला आहे. रंग पांढरा, पुऱ्या वाढलेल्या वळूची मान, वशिंड आणि पुठ्ठे मात्र राखाडी छटेची. डोके लांबट व अरुंद, कपाळ किंचित मागे झुकलेले, डोळे बदामाच्या आकाराचे, शिंगे आखूड व बोथट, बांधा उंच आणि हलका. मराठ्यांच्या फौजेला डोंगराळ मुलखातून सामान घेऊन झपाट्याने चालणारे बैल हवे असत व त्या गरजेतून ही जात निवडली गेली, असे पशुतज्ज्ञ परंपरेने मानीत आले आहेत. आंध्रातील ओंगोल गायीशी तिचे साम्य पाहणाऱ्याच्या तत्काळ ध्यानात येते. त्याच ओंगोलच्या गायी आणि वळू एकोणिसाव्या शतकापासून १९६०च्या दशकाच्या आरंभापर्यंत जहाजांतून ब्राझीलला गेले, तेथे नेल्लोर जिल्ह्याच्या नावावरून 'नेलोरे' म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि आज त्या देशाच्या मांसोत्पादक गोधनात त्यांचेच बाहुल्य आहे. म्हणजे आमच्या गवळाऊचे भाईबंद परदेशी जाऊन जगातील एका प्रचंड उद्योगाचा आधार झाले, आणि गवळाऊ स्वतः मात्र आपल्याच जिल्ह्यात संख्येने घटत चालली. यात दैवाचा खेळ पाहण्यापेक्षा, एकीकडे निवड झाली आणि दुसरीकडे निवड थांबली, एवढेच पाहावे.

निवड म्हणजे काय हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने आर्वी-कारंज्याकडच्या एखाद्या बैलबाजारात सकाळच्या प्रहरी जाऊन उभे राहावे. जाणता गिऱ्हाईक गोऱ्ह्याच्या समोर न येता प्रथम मागे जातो. मागचे पाय चालताना एकमेकांना घासतात की काय, खूर मिटलेले आहेत की फाकलेले, हे पाहतो. मग बाजूने येऊन पाठीवरून हात फिरवितो आणि कातडी बोटांच्या चिमटीत धरून सोडतो, ती चटकन जागेवर जाते की नाही ते पाहण्यासाठी. दात पाहण्याचे काम सर्वांत शेवटी. एका हाताने नाकपुड्या धरून दुसऱ्या हाताने खालचा ओठ ओढला की पुढचे आठ दात दिसतात, आणि वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच. दुधाचे दात सारे शाबूत असतील तर जनावर आदत. मधली जोडी पडून मोठे दोन दात आले असतील तर दोनदाती, म्हणजे दोन-अडीच वर्षांचे. मग चारदाती, सहादाती, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास जुळलेले. भाव ठरतो तो रुमालाखाली, बोटे धरून, मुकाट्याने; शेजारी उभ्या असलेल्या माणसाला आकडा कळत नाही आणि ज्यांना कळावयाचा त्यांना मात्र बोटाच्या पेरापर्यंत कळतो. या बाजाराला कोणी मागासलेला म्हणो, त्यातील परीक्षा मात्र मागासलेली नव्हती. ज्या गायीच्या पोटी असे गोऱ्हे निपजत तिची कालवड घरात राही, आणि ज्या गायीची वासरे बाजारात मार खात तिला पुढे कोणी फळवीत नसे. दर आठवड्याचा बाजार म्हणजे एका अर्थी गायींचीच परीक्षा होती.

ती परीक्षा तीन कारणांनी मोडली. पहिले कारण ट्रॅक्टर. बैलाची गरज कमी झाली तशी गोऱ्ह्याची किंमत उतरली, आणि गोऱ्ह्याची किंमत हेच ज्या गायीचे मुख्य उत्पन्न तिचा हिशेबच फिरला. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या, शौकिनांनी धावणाऱ्या गवळाऊ गोऱ्ह्यांचा भाव काही काळ टिकविला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या तेव्हा तोही आधार गेला, आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याच्या कायद्यानुसार त्या पुन्हा मान्य झाल्यावर थोडा परतला. परंतु पटावर पळणारी जोडी शेकड्यात एखादी निघते, आणि तिच्या आशेवर दहा गायी बाळगणारा कास्तकार हा जुगारी समजावा. तसे गावोगाव आहेत, व त्यांच्याशी बोलण्यात मौज असली तरी त्यांचा हिशेब ऐकण्यात अर्थ नाही.

दुसरे कारण जमिनीचे आहे, आणि ते अधिक खोल जाणारे आहे. १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढलेला हा जिल्हा जुन्या मध्यप्रांतातला. येथे मालगुजारी होती, आणि बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाची वहिवाट 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या दस्तऐवजात नमूद केली जाई. गावची गुरे कोठे चरावीत, सरपण कोठून आणावे, पाणी कोठे पाजावे, या निस्तार हक्कांची नोंद त्यात असे. १९५१ साली मालगुजारी संपली. पडीक, गवताळ आणि झुडपी जमिनी सरकारजमा झाल्या. पैकी पुष्कळांना महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' हे नाव मिळाले, आणि १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर त्या जमिनी वनात मोडतात की चराईत, हा वाद महसूल आणि वन या दोन खात्यांमध्ये वर्षानुवर्षे चालत राहिला. याच भागातील बोरचे जंगल १९७० साली अभयारण्य झाले व २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. वाघाला जागा हवी हे निर्विवाद आहे. त्या जागेच्या कडेला ज्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत आली त्यांच्या गायकीने सकाळी आखरावरून कळप कोणत्या दिशेस हाकावा, याचे उत्तर मात्र कोणत्याही आराखड्यात सापडत नाही. शेतातही तेच झाले. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले तेव्हा कडबा गेला आणि कुटार उरले, जे जनावर खाते खरे, पण ज्यावर ते धष्टपुष्ट होत नाही.

येथे एक साधे गणित मांडतो, कारण पुढील सर्व प्रकरणे त्यावर आधारलेली आहेत. तीनशे किलो वजनाच्या गायीला दिवसाकाठी तिच्या वजनाच्या शेकडा दोन ते अडीच इतका शुष्क चारा लागतो, म्हणजे सहा ते साडेसात किलो. सात किलो धरले तर वर्षाचे अडीच टनांहून थोडे अधिक होतात. सहा जनावरांच्या दावणीला पंधरा टन. ज्याच्या पाच-सहा एकरांत कपाशी, सोयाबीन आणि तूर आहे त्याने आपल्या वावरातून निघणारे कुटार, धुऱ्यावरचे गवत आणि पावसाळ्यातील चराई यांची बेरीज करून पाहावी. ती पंधरा टनांना पोचत नसेल तर उरलेला चारा विकत घेणे, अथवा जनावरे अर्धपोटी ठेवणे, अथवा त्यांची संख्या कमी करणे, असे तीनच मार्ग उरतात. आणि विचार न करणारा मनुष्य नकळत दुसरा मार्ग पत्करतो. अर्धपोटी गाय माजावर येत नाही, आली तरी उलटते, आणि मालक पशुवैद्याला दोष देत राहतो. आम्ही पाहिलेल्या भाकड गायींपैकी पुष्कळशा रोगाने नव्हे, गव्हाणीतील तुटीने भाकड झालेल्या होत्या.

तिसरे कारण कायद्याचे. त्याविषयी लिहिताना लेखणी सावरून चालवावी लागते, तरी वस्तुस्थिती सांगण्यास हरकत नसावी. मध्यप्रांत-वऱ्हाडाचा पशुसंरक्षण कायदा १९४९ चा. वर्धा तेव्हा त्या प्रांतात होते. पुढे महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा झाला, ज्याने गायीची हत्या निषिद्ध केली. परंतु शेतकामास निरुपयोगी ठरलेल्या बैलाची वाट दाखल्यावर मोकळी होती. १९९५ साली विधिमंडळाने ती वाटही बंद करणारी दुरुस्ती संमत केली, आणि तिला राष्ट्रपतींची संमती मिळून ती मार्च २०१५ मध्ये अमलात आली. तेव्हापासून या राज्यात गाय, वळू आणि बैल या तिघांनाही कत्तलीसाठी विकणे, विकत घेणे व वाहून नेणे हा गुन्हा आहे. म्हशीला हा कायदा तशा रीतीने लागू नाही, आणि गायीऐवजी म्हैस बांधण्याकडे जो कल वाढला त्याचे एक कारण दुधाचा भाव असले तरी दुसरे हेही आहे, हे खेड्यात कोणीही सांगेल, मात्र सभेत सांगणार नाही. कायदा योग्य की अयोग्य, हा या पुस्तिकेचा विषय नाही. विषय एवढाच की जगभरच्या पशुपालनशास्त्रात जो निर्णय सर्वांत अखेरीस घेतला जातो, म्हणजे जनावर काढून टाकण्याचा, तो आपल्या शेतकऱ्याला उपलब्ध नाही. आणि म्हणून तो जे काही ठरवील ते त्याने आरंभी, गाय फळविण्यापूर्वी, ठरविले पाहिजे. शेवटचा दरवाजा बंद असेल तर पहिल्या दरवाजावरच पहारा बसवावा लागतो.

हा विचार नवा नाही, आणि विशेष म्हणजे तो याच जिल्ह्यात पूर्वी झालेला आहे. १९३६ साली गांधीजी सेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामी, राहावयास आले; गोसेवेचा प्रश्न त्यांच्या मते रक्षणाच्या घोषणेने सुटणारा नव्हता, गाय आर्थिक दृष्ट्या आपले ओझे आपण वाहू शकली तरच ती जगेल असे ते वारंवार सांगत. गोशाळा आणि पांजरापोळ यांनी केवळ वृद्ध जनावरांची आश्रयस्थाने न राहता जोडीला आदर्श गोपालन करावे आणि मेलेल्या जनावराचे चामडे, हाडे, शिंगे यांचा उपयोग करणारे चर्मालय चालवावे, ही त्यांचीच सूचना. वर्ध्याजवळ नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी असे चर्मालय उभारले, ज्यात स्वाभाविक मृत्यूने गेलेल्या जनावरांचे कातडे कमावले जाई. यशवंतराव पारनेरकरांसारखा दुग्धव्यवसायाचा जाणकार आश्रमाच्या गोशाळेत राबत होता. १९४१ साली जमनालाल बजाजांनी गोसेवा संघाच्या कामाला स्वतःस वाहून घेतले, गोपुरीस झोपडी बांधून ते तेथे राहू लागले, आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले तेव्हा ते काम नुकतेच रूप धरू लागले होते. वर्ध्याचे गोरस भांडार आजही चालू आहे. तेथील गोरसपाक पाहुण्यांसाठी बांधून नेणाऱ्यांपैकी कितीजणांना त्यामागचा हा इतिहास ठाऊक असतो, कोण जाणे.

याच परंपरेतून दुसरा प्रवाह निघाला. गोवंशहत्याबंदीसाठी विनोबांनी एप्रिल १९७९ मध्ये पवनारला उपोषण केले, आणि ११ जानेवारी १९८२ पासून मुंबईत देवनारच्या कत्तलखान्यासमोर त्यांच्या प्रेरणेने सत्याग्रह सुरू झाला. आमचे मत असे की वर्ध्यातून निघालेल्या या दोन मागण्यांपैकी, म्हणजे हत्या थांबवा आणि गायीचा कारभार सुधारा यांपैकी, पहिली कायद्याच्या पुस्तकात गेली व दुसरी पत्रकांतच राहिली. दोन्ही एकत्र गेल्या असत्या तर आज रस्त्यावर सोडलेली गुरे दिसली नसती, कोंडवाड्याचा दंड भरण्यापेक्षा जनावर सोडून देणे स्वस्त पडते असे शेतकऱ्याला वाटले नसते, आणि हरभऱ्याच्या वावराला काटेरी तार ओढावी लागली नसती. ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गायीला 'राज्यमाता' घोषित केले व गोशाळेतील प्रत्येक देशी गायीमागे दररोज पन्नास रुपयांचे अनुदान ठरविले. अनुदान गोशाळेतील गायीला आहे. ज्या कास्तकाराने आपली म्हातारी गाय घरच्याच दावणीला ठेवली त्याच्या पदरी त्यातील काही पडत नाही, ही त्या तजविजीतील उणीव आम्हास मोठी वाटते.

म्हणून या पुस्तिकेत अखेरीच्या प्रश्नापासून मागे येत विचार केलेला आहे. गाय अठरा-वीस वर्षे जगू शकते. तेराव्या-चौदाव्या वर्षानंतर ती क्वचितच विते. म्हणजे प्रत्येक कालवडीबरोबर पाच-सहा वर्षांची निवृत्तीही जन्मास येते, आणि अडीच टनांच्या हिशेबाने तिचा चारा बारा ते पंधरा टन होतो. शेण व गोमूत्र यांचे मूल्य त्यातून वजा करावे, गोबरगॅस असेल तर सरपणाचेही करावे. तरीही बाकी उरते, आणि ती तिच्या उमेदीच्या वर्षांवर चढविली पाहिजे. ज्या गायीच्या चार-पाच वेतांतून ही बाकी फिटण्याची आशा नाही तिची कालवड ठेवावी काय, आणि तिला पुन्हा फळवावी काय, हा खरा निर्णय आहे. तो गाय माजावर आलेली असताना, रात्री हंबरडा ऐकून, घाईने घेण्याचा नव्हे.

त्याच्या पाठोपाठ काळाचा प्रश्न येतो, आणि येथे आपले पंचांग मोठी मदत करते. गायीचा गर्भकाळ सुमारे दोनशे पंच्याऐंशी दिवसांचा. दिवाळीच्या अमावास्येपासून पोळ्याच्या अमावास्येपर्यंत, मध्ये अधिक मास नसेल तर, दहा चांद्रमास म्हणजे दोनशे पंच्याण्णव दिवस होतात. याचा अर्थ दिवाळीला फळलेली गाय पोळ्याच्या सुमारे दहा दिवस आधी विते, जेव्हा धुऱ्यावर व बरडावर हिरवे गवत असते, विकतची ढेप थोडी लागते आणि पान्हा भरपूर येतो. पावसाळाभर पोटभर चरलेली गाय दिवाळीच्या सुमारास अंगाने सुधारलेली असते व माजही स्वच्छ दाखविते. उलट माघ-फाल्गुनात फळलेली गाय मार्गशीर्ष-पौषात विते आणि तिचे दूध चढू लागावे तोच चारा संपत येतो. वासरू उन्हाळ्यात खंगते, गायही खंगते, आणि पुढचा माज लांबतो. पावसाळी वासरांना चिखलाचा, जंतांचा आणि हगवणीचा त्रास अधिक, हे खरे. परंतु कोरडी जागा, पहिल्या दोन तासांत पोटभर चीक आणि वेळेवर जंताचे औषध यांनी तो आवरता येतो, चाऱ्याचा दुष्काळ मात्र आवरता येत नाही. नंद गवळ्यांच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलताना हा ऋतुविचार त्यांच्या बोलण्यात सहज येतो. परदेशी शास्त्राने साठ ते नव्वद दिवसांचा हंगाम म्हणून जे सांगितले ते त्यांनी सणांच्या खुणांवर बांधून ठेवले होते.

वळूचा विचार आम्ही सविस्तर केला आहे, कारण कळपाचे अर्धे भवितव्य एका जनावरात असते आणि त्याच एका जनावराविषयी सर्वाधिक हयगय होते. गावात मोकळा फिरणारा सांड कोणाचा, कोणत्या गायीचा, हे कोणालाच ठाऊक नसते. तो धष्टपुष्ट दिसतो, कारण सर्वांच्या वावरात चरतो. ज्या गोऱ्ह्यांना वळू म्हणून ठेवावयाचे नाही त्यांचे वेळेवर खच्चीकरण करणे, पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यासाठी बर्डिझो चिमटा असतो व काम काही क्षणांचे असते, ही निवडीची पहिली पायरी आहे. कृत्रिम रेतनाने मार्ग सुकर झाला, आणि त्याच मार्गाने जर्सी व होल्स्टिनचे रक्तही आले. संकरित गाय दूध अधिक देते याबद्दल वाद नाही. पण वर्ध्याच्या वैशाखात तिला पंखा लागतो, आणि तिचा गोऱ्हा, ज्याला वशिंड जेमतेम असते, उन्हात औताला टिकत नाही. तो विकला जात नाही, आणि कायद्याने काढताही येत नाही. लिंगनिश्चित रेतमात्रांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच जन्मतात, म्हणून संकरित गाय ठेवणाऱ्याने त्याच वापराव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. गवळाऊ गायीला मात्र गवळाऊच वळू किंवा त्याचीच रेतमात्रा द्यावी. हेटीकुंडीचे शासकीय पशुपैदास क्षेत्र या जातीसाठीच आहे, आणि तेथे जाऊन चांगला वळू कसा दिसतो ते एकदा डोळ्यांनी पाहिल्याखेरीज कोणीही वळू निवडण्यास बसू नये.

रोगांवरील प्रकरण आम्ही आटोपते घेतले आहे. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, लाळ्या-खुरकुताची ठरल्या मुदतीने, आणि लम्पीची, जिने २०२२ साली साऱ्या राज्याला धडा दिला, दरवर्षी. इतके पाळले तर पुष्कळसे साधते. निकृष्ट कुटारावर युरियाची प्रक्रिया कशी करावी, म्हणजे शंभर किलोला चार किलो युरिया पाण्यात विरघळवून, थरावर थर शिंपडून, एकवीस दिवस हवाबंद झाकून ठेवावे, हेही दिले आहे. मात्र प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने न ठरविता तराजूने ठरवावे, कारण युरिया अधिक झाला तर तेच विष होते.

एक गोष्ट सांगणे आम्हास आवश्यक वाटते. कोठ्यातील शेण काढणारी, वासरू सोडणारी, गायीने सकाळी नीट खाल्ले की नाही हे प्रथम ओळखणारी बहुधा घरातली बाई असते, आणि गाय विकावी की ठेवावी हे ठरविणारा बहुधा पारावर बसलेला पुरुष. जिला माज आधी दिसतो तिला विचारल्याशिवाय रेतनाची तारीख ठरविली जाते, म्हणून ती चुकते. या पुस्तिकेतील कोष्टके तिला सोयीची पडावीत अशी आखली आहेत. अक्षरे मोठी ठेवली आहेत व रकाने थोडे.

वाचकांस विनंती एवढीच की पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी त्यांनी एक साधी वही घ्यावी आणि आपल्या दावणीवरील प्रत्येक जनावरामागे एक पान राखून त्यावर वय, दात, आजवरची वेते, शेवटच्या वेताचा महिना, सध्या गाभण की रिकामी, आणि पुढे जगले तर किती वर्षे पोसावयाचे, इतके लिहून काढावे. शेवटच्या पानावर मार्गशीर्षात कोठ्यात किती कुटार व कडबा आहे त्याचा अंदाज टनांत लिहावा. पुढील सर्व कोष्टके त्या वहीवरूनच भरावयाची आहेत.